हॉवर्थचं पार्सनेज : लेखिकांच्या घरात पाळकाचं दफ्तर

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या हॉवर्थ या गावाला जाणारे बहुतेक लोक शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या कादंबरीकार ब्राँटे बहिणींसाठी जातात. त्यांच्यासाठी गेलात तर ब्राँटे पार्सनेज म्युझियम, म्हणजे त्यांच्या पाळक वडिलांच्या घरातलं संग्रहालय, तुम्हाला निराश करणार नाही. त्यांचं जेवणाचं टेबल, इवल्याशा अक्षरातल्या वह्या, शार्लटचे कपडे, सगळं प्रेमाने जपलंय आणि नीट मांडलंय. त्याबद्दल भरभरून लिहिलं गेलंय, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. हे परीक्षण दुसऱ्याच प्रश्नाचं आहे: व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमधल्या गावचा पाळक दिवसभर करायचा तरी काय, हे या घरात समजतं का?

समजतं. पण तिकीट काढून खोल्या पाहिल्या आणि बाहेर पडलात, तर अर्धंच समजतं.

मुळात हे घर मुलींचं नव्हतं, वडिलांच्या मालकीचंही नव्हतं. चर्चच्या नेमणुकीबरोबर राहायला मिळालेलं घर ते. रेव्हरंड पॅट्रिक ब्राँटे एप्रिल १८२० मध्ये बायको आणि सहा मुलांसह इथे आले आणि ७ जून १८६१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, इथेच वारले. एक्केचाळीस वर्षं एकच गाव. बायको, सहाही मुलं, सगळी त्यांच्या आधी गेली. ते वारल्यावर जावई आर्थर बेल निकल्स यांना ही जागा मिळेल असं अनेकांनी धरलं होतं, कारण सोळा वर्षं मदतनीस म्हणून गावचं बरंचसं काम तेच ओढत होते. चर्चच्या विश्वस्तांनी त्यांना नेमलं नाही. त्याच वर्षी घरातल्या सामानाचा लिलाव झाला आणि घर पुढच्या पाळकाकडे गेलं. म्हणून आज खोल्यांमधली प्रत्येक मूळ वस्तू कुठून तरी परत मिळवलेली आहे. ब्राँटे सोसायटी १८९३ साली स्थापन झाली. सर जेम्स रॉबर्ट्स यांनी घर विकत घेऊन सोसायटीला दिलं आणि १९२८ च्या ऑगस्टमध्ये ते लोकांसाठी उघडलं. इतक्या उशिरा सुरुवात करून एवढं परत जमवलंय, याला मनापासून दाद द्यायला हवी.

आत शिरल्यावर डावीकडे जेवणाची खोली आणि उजवीकडे पॅट्रिक यांची अभ्यासिका. गर्दी डावीकडे थांबते. तुम्ही आधी उजवीकडे जा.

खोली लहान आहे. टेबल, खुर्ची, चष्मा, भिंग आणि भिंतीला उभा पियानो. बघायला दोन मिनिटं पुरतात, पण गावाचा सगळा कारभार याच खोलीतून चालायचा. मूल झालं की बाप्तिस्मा ठरवायला माणूस इथे यायचा. लग्न ठरलं की लागोपाठ नसले तरी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारायची असत, ती नोंदवायला जोडपं यायचं. माणूस गेला की घरचे यायचे. गरिबाला अर्ज लिहून हवा असो, शिक्षक नेमायचा असो की सरकारी खात्याला चार पत्रं धाडायची असोत, टेबल हेच.

या कामाचा कणा म्हणजे नोंदवह्या, आणि त्या कशा असत हे माहीत नसेल तर खोली मुकी वाटते. १८१३ पासून इंग्लंडभर छापील नमुन्याच्या वह्या सक्तीच्या होत्या. बाप्तिस्म्याच्या वहीत एका पानावर आठ नोंदी. तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि विधी करणाऱ्याची सही. दफनाच्या वहीत नाव, ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि सही. मृत्यूचं कारण लिहायला रकानाच नव्हता. १ जुलै १८३७ पासून जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली, त्यामुळे पाळकाचं लिहिणं कमी झालं असं वाटेल. प्रत्यक्षात वाढलं: चर्चमधल्या लग्नाची नोंद आता दोन वह्यांमध्ये करायची आणि दर तीन महिन्यांनी तिच्या नकला निबंधकाकडे पाठवायच्या.

दफनाच्या वहीतला वयाचा रकाना डोळ्यांसमोर आणा. कारण लिहिलेलं नाही, पण वय लिहिलंय. तीन महिने. दोन वर्षं. चौदा महिने. पान उलटलं की पुन्हा तेच. ही वही वर्षानुवर्षं ज्याच्या हातात आहे त्याला गावाची तब्येत डॉक्टरच्याही आधी कळते. पॅट्रिक यांचं पुढचं सगळं सार्वजनिक काम या रकान्यातून निघालंय असं आमचं ठाम मत आहे, आणि ते धरून बघितलं तरच या घराला आणि आवाराला अर्थ येतो.

याचं एक उदाहरण जेवणाच्या खोलीतच टांगलेलं आहे. तिथले लाल पडदे बघा. शार्लटने १८५० च्या सुमारास घर सजवलं तेव्हाच्या थाटाचे ते, म्हणजे आज घर दिसतं ते पॅट्रिक यांच्या अखेरच्या दशकातलं. त्याआधी कितीतरी वर्षं या घरात पडदे जवळजवळ नव्हतेच, कारण पॅट्रिक यांना आगीची धास्ती होती. ही धास्ती त्यांचा विक्षिप्तपणा म्हणून सांगितली जाते ते चूक आहे. मार्च १८४४ मध्ये त्यांनी लीड्स मर्क्युरी या वृत्तपत्राला पत्र लिहिलं: हॉवर्थमधल्या वीसेक वर्षांत कपडे पेटून भाजून मेलेल्या नव्वद ते शंभर मुलांची दफनं आपल्या हातून झाली, आणि त्या मुलांच्या अंगावर सुती किंवा लिननचं कापड होतं. लोकर किंवा रेशीम सहजी पेट घेत नाही, तेव्हा बायकामुलांना ते घाला, असा त्यांचा सल्ला होता. सल्ल्यातलं रेशीम गिरणी कामगाराच्या आवाक्याबाहेरचं, पण लोकर या भागातलीच. चुली उघड्या, आईबाप कामावर, मुलं एकटी घरात. सूत झटकन भडकतं आणि लोकर करपून विझते. निरीक्षण अचूक होतं. पडदे बघताना हे पत्र आठवायला हवं.

वर जाताना जिन्यातल्या उभ्या घड्याळापाशी थांबा. रात्री नऊ वाजता जेवणाच्या खोलीत डोकावून, मुलींना फार जागू नका सांगून, पॅट्रिक वर जाताना हे घड्याळ किल्ली देऊन ठेवायचे. वरच्या मजल्यावर त्यांची झोपायची खोली आहे. ब्रॅनवेल हा मुलगा व्यसनाने पोखरल्यावर ते त्याला आपल्याच खोलीत झोपवायचे. रोज सकाळी खिडकीतून पिस्तूल झाडायचे ही गोष्टही इथे ऐकायला मिळेल आणि चर्चच्या मनोऱ्यावरचे खड्डे गोळ्यांचे म्हणून दाखवले जातील. खड्ड्यांची गोष्ट दंतकथा म्हणून ऐकावी. पिस्तूल बाळगायची सवय मात्र खरी. ल्युडाइट दंग्यांच्या, म्हणजे कामगारांनी गिरण्यांतली यंत्रं फोडली त्या काळात, १८११-१२ मध्ये, ते हार्ट्सहेडला पाळक होते आणि ती सवय तिथली.

संग्रहातली सर्वांत बोलकी वस्तू बहुतेकांच्या नजरेतून सुटते. घरगुती औषधोपचाराचा एक ग्रंथ पॅट्रिक यांनी आयुष्यभर वापरला आणि त्याचे समास टिपणांनी भरून टाकले. ज्या गावात डॉक्टरची फी परवडत नाही तिथे लोक आधी पाळकाला विचारतात, त्यामुळे असा ग्रंथ हे कामाचं हत्यारच. त्यातच त्यांनी स्वतःच्या मोतीबिंदूची हकीकत लिहून ठेवलीय. ऑगस्ट १८४६, मँचेस्टर, भूल न देता शस्त्रक्रिया, एकच डोळा, मग महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. सोबत शार्लट. त्याआधी दिसेनासं झालं होतं तेव्हाही त्यांनी प्रवचन सोडलं नव्हतं; हाताला धरून त्यांना व्यासपीठावर न्यायचे आणि ते कागदाशिवाय बोलायचे. ग्रंथ कायम मांडलेला असतोच असं नाही, कारण कागदी वस्तू प्रकाशापासून वाचवण्यासाठी आलटून पालटून ठेवल्या जातात. त्यासाठीच जाणार असाल तर आधी पत्र टाकून विचारा.

तळमजल्यावर मागच्या बाजूला निकल्स यांची अभ्यासिका आहे. आधी ती सामान आणि सरपण ठेवायची खोली होती. १८५४ मध्ये लग्नाआधी शार्लटने ती नवऱ्यासाठी तयार करून घेतली. खोलीत फार काही नाही, पण मदतनीस पाळक म्हणजे क्युरेट किती महत्त्वाचा ते इथे ध्यानात घ्यावं. ऑक्सनहोप आणि स्टॅनबरीसह सहा-सात हजारांची वस्ती, टेकड्यांवर विखुरलेली घरं आणि सगळं पायी. एकट्या माणसाचं काम नव्हे ते. पॅट्रिक यांचा लाडका क्युरेट विल्यम वेटमन आजाऱ्यांच्या भेटीला जात जात स्वतःच कॉलऱ्याने सप्टेंबर १८४२ मध्ये गेला, तिशीच्या आतच.

स्वयंपाकघर मात्र जपून बघा. घराचा मागचा भाग पुढे बदलला गेला आणि उजवीकडचा मोठा गेबल, म्हणजे त्रिकोणी माथ्याचा वाढीव भाग, १८७८ च्या सुमारास पॅट्रिक यांच्यानंतरच्या पाळकाने, जॉन वेड यांनी बांधला. मूळचं घर १७७८-७९ चं, पुढे दोन खोल्या मागे दोन, वर तेवढ्याच, दगडी फरशी आणि जाड दगडी कौलं. आठ माणसं आणि नोकर एवढ्यात राहायची. गेबल डोळ्याआड करून बघितलंत तर त्याचा खरा आकार दिसतो.

आता बाहेर या. इथून पुढे तिकीट लागत नाही आणि खरा ऐवज इथेच आहे.

घरासमोर गल्लीला लागून १८३२ ची शाळा आहे, बुटकी, लांबट, दगडी. पॅट्रिक यांनी गावातून वर्गणी काढली आणि लंडनच्या नॅशनल सोसायटीचं अनुदान मिळवलं. दारावरच्या शिलालेखात हे लिहिलेलं आहे. तो पूर्ण वाचा. आठवड्याचे सहा दिवस गिरणीत काम करणाऱ्या मुलाला अक्षर शिकायला रविवार तेवढा मोकळा, म्हणून संडे स्कूल. आजच्या अर्थाने ती नुसती धर्माची शिकवणी नव्हती. वाचता येणं हा पहिला हेतू. शार्लट आणि ब्रॅनवेल इथे शिकवायचे. याच वास्तूत गावच्या सभा व्हायच्या. फेब्रुवारी १८३७ मध्ये नव्या गरीब कायद्याविरुद्ध सभा झाली तेव्हा अध्यक्ष पॅट्रिक होते. हा १८३४ चा कायदा धडधाकट गरिबाला घरबसल्या मदत बंद करून वर्कहाउसमध्ये, म्हणजे सक्तीच्या कामाच्या गरीबखान्यात, लोटणारा होता आणि गिरणी बंद पडली की हॉवर्थमध्ये अख्ख्या घरांवर ती पाळी येणार होती. राजकारणात टोरी, म्हणजे परंपरावादी पक्षाचा असलेला माणूस कामगारांच्या सभेत अध्यक्ष होतो, ही साधी बाब नाही. १८५४ मध्ये लग्नाच्या सहलीहून परतल्यावर शार्लट आणि निकल्स यांनी शाळेची मुलं, शिक्षक, घंटा वाजवणारे, गाणारे अशा सुमारे ५०० जणांना चहा आणि जेवण दिलं तेही इथेच. वास्तूसमोर उभं राहून पाचशे माणसं कशी मावली असतील याचा अंदाज घ्या.

चर्चबद्दल थोडक्यात. सेंट मायकल अँड ऑल एंजल्सचा मनोरा तेवढा जुना. बाकीचं १८७९ मध्ये पाडून १८८१ पर्यंत नवं बांधलं. पॅट्रिक बोलायचे ते तीन मजली व्यासपीठ जागेवर नाही. कुटुंबाचं थडगं एका खांबापाशी जमिनीखाली आहे, अ‍ॅन सोडून सगळी तिथे, अ‍ॅन स्कारबरोला. चर्च बघायला दहा मिनिटं धरा आणि उरलेला वेळ दफनभूमीला द्या.

दफनभूमी घराच्या कुंपणापर्यंत आलेली आहे. बागेच्या भिंतीत पूर्वी एक दार होतं, तिथून थेट चर्चकडे जायचं. ती जागा दगडाने दाखवलेली आहे. थडग्यांपैकी पुष्कळ दगड आडवे, एकमेकांना चिकटून फरशीसारखे पसरलेले आहेत. ते नीट बघा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यात आहे. १८४९ मध्ये पॅट्रिक आणि गावकऱ्यांनी लंडनच्या जनरल बोर्ड ऑफ हेल्थकडे अर्ज केला. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तरतूद होती की करदात्यांपैकी एक दशांश लोकांनी सही करून मागणी केली तर बोर्ड तपासनीस पाठवेल. सह्या जमवणं हेच अवघड काम होतं. नळ आणि गटारं आली की घरपट्टी वाढणार, म्हणून ज्यांच्याकडे मालमत्ता जास्त त्यांचा विरोध जास्त. एप्रिल १८५० मध्ये बेंजामिन हर्शल बॅबेज आले. गणनयंत्र आखणारे चार्ल्स बॅबेज यांचे हे चिरंजीव.

त्यांचा अहवाल आजही अंगावर येतो. गावात भुयारी गटार नाही, सांडपाणी रस्त्यावरून वाहतं. अख्ख्या गावात ६९ संडास, आणि मेन स्ट्रीटवर कितीतरी घरांत मिळून एक. शेजारीच उकिरडे आणि कत्तलखान्याची घाण. पाणी मोजक्या हापशांचं आणि विहिरींचं. उन्हाळ्यात धुण्याच्या दिवसासाठी बायका पहाटे दोन-तीनपासून रांगेत. मृत्यूचं सरासरी वय २५.८ वर्षं. जन्मलेल्यांपैकी ४१.६ टक्के मुलं सहा वर्षांची होण्याआधी दगावलेली. आणि आधीच्या दहा वर्षांत या एवढ्याशा आवारात १,३४४ दफनं. बॅबेज यांनी आडव्या दगडांवर खास बोट ठेवलं: दगड जमीन झाकून टाकतात, हवा जात नाही, गवत-झुडूप उगवत नाही आणि प्रेत कुजायला वेळ लागतो. दफनभूमी चढावर, वस्ती उताराला. पाणी कुठे मुरणार ते सांगायला नको.

अहवाल आला म्हणून काम झालं नाही. विरोधकांनी खो घातला आणि पॅट्रिक यांनी बोर्डाला पुन्हा पुन्हा पत्रं पाठवली. या मधल्या काळात ते सत्तरी ओलांडलेले होते आणि १८४८ च्या सप्टेंबरपासून पुढच्या मेपर्यंत त्यांची तीन मुलं क्षयाने गेली होती. अर्ज त्यानंतर तीनच महिन्यांनी गेलेला आहे. गावासाठी पाण्याचा साठा १८५८ मध्ये बांधला गेला. म्हणजे अर्जापासून नऊ वर्षं. आज डोक्यावर दिसणारी उंच झाडं १८६४ मध्ये लावली ती मुळांनी जमीन मोकळी व्हावी म्हणून. त्यांच्या सावलीचे फोटो सगळे काढतात; ती का लावली हे माहीत असलं तर फोटो वेगळा येतो.

निकल्स यांचीही एक आठवण या दगडांशी जोडलेली आहे. धोबिणी थडग्यांवर कपडे वाळत घालायच्या, ते त्यांनी १८४७ मध्ये बंद केलं. बायका चिडल्या. ज्या गावात सपाट कोरडी जागा मिळणं मुश्कील तिथे त्यांची अडचणही खरी होती.

नावाबद्दल एक खुलासा, कारण गाइडपुस्तकांत घोळ होतो. पॅट्रिक यांना व्हिकर म्हटलं जातं, पण त्यांचं अधिकृत पद होतं पर्पेच्युअल क्युरेट. हॉवर्थ स्वतंत्र पॅरिश (एका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख) नव्हतं, ब्रॅडफर्डच्या पॅरिशचा भाग होतं. जुन्या व्यवस्थेत रेक्टर या पाळकाला धान्य-गवताचा मोठा दशमांश (उत्पन्नातला चर्चला द्यायचा दहावा हिस्सा), व्हिकरला छोटा दशमांश आणि पर्पेच्युअल क्युरेटला दशमांश नाहीच, ठरावीक वेतन. १८६८ च्या कायद्यानंतर अशा पाळकांना सर्रास व्हिकर म्हणू लागले. हॉवर्थचा आणखी एक पेच असा की नेमणूक ब्रॅडफर्डचा व्हिकर करणार, पण वेतनाच्या जमिनी स्थानिक विश्वस्तांच्या हातात. १८१९ मध्ये विश्वस्तांना न विचारता पाठवलेल्या पाळकाला गावाने चर्चमध्ये गोंधळ घालून पळवून लावलं होतं. पॅट्रिक आले ते दोघांच्या संमतीने, म्हणून टिकले. शिवाय गावात बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट मोठ्या संख्येने. आपण जात नाही त्या चर्चच्या दुरुस्तीसाठी कर का द्यायचा, हा त्यांचा सवाल होता आणि त्यावरून सभा तापायच्या. तरीही पाण्याच्या अर्जावर सह्या जमल्या. या माणसाचं वजन त्यात कळतं.

जायचं कसं: लीड्सहून रेल्वेने कीथ्ली, साधारण अर्धा तास. तिथून वर्थ व्हॅलीची वाफेची गाडी हॉवर्थला जाते, पण ती रोज धावत नाही. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत हमखास, उन्हाळ्यात जास्त. नसेल तेव्हा बस. ही लाइन १८६७ ची, म्हणजे पॅट्रिक यांच्या हयातीत कीथ्लीपर्यंतची चार मैल वाट पायीच. स्टेशन खाली आणि पार्सनेज टेकडीवर. मेन स्ट्रीट दगडी आणि खडी चढण आहे, पावसात दगड निसरडे होतात, तेव्हा तळ धरणारे बूट घाला. घरातल्या खोल्या लहान आणि वरचा मजला जिन्यानेच गाठायचा, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तळमजला आणि बाहेरचं आवार असा बेत करावा. जानेवारीत म्युझियम सहसा देखभालीसाठी बंद असतं, इतर महिन्यांतही आठवड्याचे वार बदलतात. निघण्याआधी वेळा तपासा.

वेळेची वाटणी उलटी ठेवा. घराला एक तास, बाहेर दोन. सकाळी दार उघडताच आत शिरलात तर अभ्यासिका रिकामी मिळते. आणि शाळा, दफनभूमी, मेन स्ट्रीट हा क्रम वरून खाली असाच ठेवा, कारण पाणीही त्याच वाटेने खाली जायचं.